एका आसावरची दोन चाके

मोटार अर्धवर्तुळात वळते तेव्हा तिचे बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा किती जास्त धावते, हा प्रश्न शाळेतल्या भूमितीचा आहे. मागच्या दोन चाकांमध्ये १.३ मीटर अंतर धरले, तर उत्तर येते चार मीटरांहून थोडे अधिक. नवल असे की वळण अरुंद असो वा ऐसपैस, हा फरक बदलत नाही. त्रिज्या कितीही घ्या, ती वजाबाकीत निघून जाते. उरते ते केवळ दोन चाकांमधले अंतर आणि पाय. एका आसावर जन्म काढणाऱ्या दोन चाकांना प्रत्येक वळणावर हा फरक सोसावाच लागतो. तो सोसण्याची जी सोय मागच्या आसाच्या मध्यभागी लोखंडी कवचात बंद असते, तिला डिफरन्शियल म्हणतात. गेले दीड वर्ष आम्ही या एका वस्तूच्या नादी लागलो होतो.

आम्ही म्हणजे हुपरीचे दोघे भाऊ. थोरला महाविद्यालयात मराठी शिकवतो, धाकटा घरच्या चांदीच्या कामावर बसतो. वडील गेल्यावर रीतीप्रमाणे वाटण्या झाल्या. हुपरीत वाटणी करणे तसे सोपे, कारण इथे घरातल्या पुष्कळशा गोष्टी तराजूवर घालता येतात. घराची भिंत मध्ये पडली, हत्यारे मोजून झाली, चांदी निम्मी निम्मी झाली. उरली एक मोटार. ती कापता येत नव्हती आणि विकायला दोघांपैकी कोणी तयार नव्हते. ती सामाईक राहिली. आणि खरे सांगायचे तर त्यानंतर आमच्यात सामाईक असे तेवढेच राहिले होते.

मोटार म्हणजे प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९८५ साली बाजारात आणलेली ११८ एनई. एंजिन निस्सानचे, ११७१ सीसीचे. देह मात्र फियाट १२४ च्या वंशातला. हिला कोणी स्पोर्ट्स कार म्हणणार नाही. पण घराणे पाहावे. मूळ फियाट १२४ ने १९६७ साली युरोपातल्या सर्वोत्तम मोटारीचा मान मिळवला होता, आणि त्याच घराण्यात १९६६ साली स्पायडर ही उघड्या टपाची देखणी स्पोर्ट्स कार जन्मली होती. आमची गाडी म्हणजे त्या स्पायडरची संसारी चुलत बहीण. वजनाने हलकी आणि मागच्या चाकांनी ढकलली जाणारी. आज मातीच्या मैदानावर, खुणेच्या शंकूंमधून घड्याळाशी शर्यत लावणाऱ्या हौशी मंडळींना अशी गाडी हवी असते. धाकट्याला हा नाद लागला होता. थोरल्याच्या दृष्टीने ती वडिलांची गाडी होती आणि तिच्यात खिळाही बदलू नये, असे त्याचे मत होते.

मैदानात अडचण अशी येई की वळणातून बाहेर पडताना धाकट्याने ॲक्सिलरेटर दाबला, की आतले चाक जागच्या जागी गरगरे, माती उडवी, आणि गाडी पुढे सरकत नसे. कारण समजून घेण्याजोगे आहे. साधे डिफरन्शियल दोन्ही चाकांना वेग हवा तसा घेऊ देते, पण जोर मात्र दोघांना कायम सारखाच देते. वळताना गाडीचा भार बाहेरच्या चाकावर झुकतो आणि आतले चाक हलके होते. हलक्या चाकाला जमिनीवर जेवढा जोर पेलवेल तेवढाच बाहेरच्या समर्थ चाकालाही मिळतो. एक चाक पार उचलले गेले तर दुसऱ्याच्या वाट्यालाही जवळजवळ शून्य येते. आमच्या वाटणीचा कागद याच तत्त्वावर लिहिलेला होता, हे तेव्हा आमच्या ध्यानात येऊ लागले. दोघांना सारखे म्हणजे दोघांतल्या दुबळ्याला झेपेल तेवढे.

यावर हौशी लोकांत एक स्वस्त तोड रूढ आहे. डिफरन्शियलच्या आतले छोटे दाते वेल्डिंग करून एकमेकांना कायमचे जखडून टाकायचे. मग दोन्ही चाके एकाच वेगाने फिरतात, एक घसरले तरी दुसरे ओढते. ज्यांनी कोल्हापूरजवळच्या मोहिते रेसिंग अकादमीच्या ट्रॅकवर कार्टिंग पाहिले आहे, त्यांना हे नवे नाही. कार्टला डिफरन्शियल नसतेच. मागची दोन्ही चाके एकाच अखंड दांड्यावर घट्ट बसवलेली असतात. तरीही कार्ट वळते, कारण तिच्या पुढच्या चाकांच्या रचनेमुळे वळताना मागचे आतले चाक किंचित उचलले जाते. म्हणजे एकाला अधांतरी धरूनच ते ऐक्य टिकते. आपल्या बैलगाडीत याच्या अगदी उलट व्यवस्था. तिथे आस स्थिर असतो आणि दोन्ही चाके आपापल्या तुंब्यात, आपापल्या कुणीच्या भरवशावर स्वतंत्र फिरतात. फरकाचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण आसाकडून चाकाला काही मिळायचेच नसते. ओढायला बैल असतात.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला इथे अद्वैत आणि द्वैत आठवतील. थोरल्याला ती आठवली, आणि वेल्ड केलेले डिफरन्शियल म्हणजे हट्टाचे अद्वैत, असे तो म्हणाला. धाकट्याने विचारले, की मग मातीत रुतलेली गाडी द्वैतवादाने बाहेर निघते का? हा प्रश्न रास्त होता. असो.

या यंत्राच्या इतिहासात आम्हांला आमच्यासारखी एक जोडी भेटली. डिफरन्शियलचे आधुनिक रूप ओनेसिफोर पेकर या फ्रेंच माणसाने १८२७ साली वाफेच्या गाडीसाठी पेटंट केले. तो पेशाने घड्याळजी, म्हणजे बारीक कामाचा कारागीर. पुढे १८७७ साली इंग्लंडात कोव्हेन्ट्रीच्या जेम्स स्टार्लीने आपल्या पायचाकीसाठी तेच तत्त्व पुन्हा योजले. त्याची गोष्ट अशी सांगतात, की बाप आणि मुलगा शेजारी शेजारी बसून पायडल मारत होते; दोघांच्या पायांतला जोर वेगळा, त्यामुळे गाडी सरळ जाईना. स्टार्लीने मुलाला जोर कमी करायला सांगितले नाही. दोघांच्या मध्ये दात्यांची एक जुळणी बसवली.

१९३० च्या दशकात ऑटो युनियनच्या शर्यतीच्या मोटारींना आमच्यासारखाच, पण कितीतरी मोठ्या ताकदीचा प्रश्न पडला, आणि जर्मनीतल्या झेडएफ कंपनीकडून मर्यादित घसरणीचे डिफरन्शियल आले. त्याची कल्पना साधी आहे. दोन्ही चाकांना वेग वेगळा ठेवू द्यायचा, पण फुकट नव्हे. एका प्रकारात त्यासाठी मध्ये घर्षणाच्या पातळ चकत्या ठेवतात. एक चाक बेफाम होऊ लागले की चकत्या त्याला धरतात आणि त्याचा वाया जाणारा जोर दुसऱ्याकडे वळवतात. चकत्यांऐवजी नुसत्या दात्यांवर चालणारा टॉर्सन हा प्रकारही आहे. तो घसरणाऱ्या चाकाच्या पकडीच्या काही पट जोर दुसऱ्याला देतो; पण चाक हवेत गेले की शून्याची कितीही पट शून्यच. आमच्या उड्या मारणाऱ्या गाडीला चकत्याच हव्या होत्या.

बाजारात आमच्या गाडीसाठी तयार वस्तू मिळाली नाही, तेव्हा ती इथेच करायचे ठरले. कोल्हापुराला अशी सवय आहे. बाबुराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास सिनेमाचा कॅमेरा याच शहरात घडवला होता. शिवाजी उद्यमनगरातल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये डिफरन्शियलच्या कवचाला आतून खाचा पाडून घेतल्या. चकत्या दोन जातींच्या: एक कवचात अडकणारी, दुसरी बाजूच्या दात्याबरोबर फिरणारी, एकाआड एक रचलेल्या. मागून त्यांना दाबायला बशीच्या आकाराच्या स्प्रिंगा. प्रश्न जाडीचा होता. चकती थोडी जाड झाली तर आस जखडणार, पातळ झाली तर सगळे व्यर्थ. इथे धाकट्याचे बोट उपयोगी आले. पैंजणाचा जोड हातात घेऊन कोणता नग भारी हे तो काट्याआधी सांगतो; मायक्रोमीटर लावण्याआधी तो चकती चिमटीत धरून बाजूला काढी, आणि बहुधा तीच चुकीची निघे. थोरल्याचे काम वाचण्याचे: क्राउन आणि पिनियनच्या दात्यांत मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी फट राखायची, दात्यांना निळा रंग लावून ठसा कुठे उमटतो ते पाहायचे, आणि ते वहीत लिहायचे. ठसा दात्याच्या मधोमध यायला अकरा वेळा खोलावे लागले. या अकरा रात्री आम्ही एकाच पत्र्याच्या छपराखाली होतो. वाटणीनंतर एवढा वेळ आम्ही एकत्र काढला नव्हता, आणि बोललो ते सगळे चकत्यांविषयी.

शेवटी एक चाक जमिनीवर ठेवून, दुसरे उचलून, पान्याने फिरवून पाहिले. ४० न्यूटन-मीटरला ते सुटले. याहून जास्त घट्ट केले असते तर वळणात शिरताना गाडी नाक सरळ धरून बसली असती. मैदानात आता आतले चाक माती उडवत नाही. वळणातून निघताना दोन्ही चाके मिळून ढकलतात, आणि गावातल्या अरुंद बोळात मंद गतीने वळताना मागून करकर ऐकू येते. धाकट्याची वेळ सुधारली. बक्षीस मिळण्याइतकी नाही. थोरला पहिल्यांदाच मैदानावर घड्याळ घेऊन उभा राहिला.

पैंजणांच्या जोडाविषयी आमचे वडील एक हिशेब पाळत. दोन्ही नग वजनाला सारखे हवेत, कारण ते एकाच बाईच्या पायांत जायचे आहेत. पण चालताना दोन्ही पाय एकदम कधीच पडत नाहीत, हे त्यांनी आम्हांला वेगळे सांगितले नव्हते.

वेल्ड केलेले डिफरन्शियल पुन्हा उघडावे लागत नाही. आमचे लागते. चकत्या झिजतात, तेलात बारीक करडी चकाकी उतरते, स्प्रिंगांचा दाब ढळतो. दर हंगामानंतर कवच उतरवून जाडी मोजायची, झिजलेली चकती बदलायची, नवे नव्वद नंबरचे तेल भरायचे. हे एकट्याला जमत नाही. एकाने आस धरावा लागतो. यंदा पावसाळ्याच्या तोंडाशी उघडले तेव्हा एका बाजूच्या चकत्या दुसरीपेक्षा जास्त झिजल्या होत्या. कोणत्या बाजूच्या, ते वहीत लिहून ठेवले आहे.