एकच आढे

आमच्या शेजारच्या तियूचे घर दुभागलेले आहे. बार्देशात अशी घरे पुष्कळ. बाहेरून पाहिले तर एकच लांबलचक कौलारू घर, एकच बाल्कांव, आणि आत शिरलात की मधोमध चिऱ्यांची भिंत. गोव्यात आईवडिलांच्या मालमत्तेत सगळ्या मुलांचा वाटा समान, त्यामुळे इन्व्हेंटरी झाली की कुणाच्या वाट्याला काय येईल सांगता येत नाही. तियूचा धाकटा भाऊ तारवटी. तो बोट सोडून घरी आला आणि कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या. शेवटी भिंत उभी राहिली. सालातली आल्तार तियूच्या बाजूला राहिली, विहीर भावाच्या बाजूला गेली. त्यानंतर अकरा वर्षे दोघे एकमेकांशी बोलले नाहीत.

मी हिंदू, सरकारी कारकून. मला एवढेच ठाऊक होते की तियू दर रविवारी मिसला जातो. पण तिथे जाऊन तो कुमगार घेत नाही, सगळे उठून पुढे जातात तेव्हा हा बाकावर बसून राहतो, हे मला खूप उशिरा कळले. तेही कौले घासताना.

ही २०२४ सालची गोष्ट. कार्निव्हल संपला, दुसऱ्या दिवशी गोब्राचो बुधवार, म्हणजे त्यांच्या चाळीस दिवसांच्या उपासाची सुरुवात. पावसाआधी छप्पर शाकारून घ्यायचे म्हणून तियूने मेस्ताला बोलावले. कौले उतरली आणि वर चढलेला मेस्त गप्प झाला. आढे वाळवीने पोखरलेले होते, नेमके भिंतीच्या माथ्यावर. तियूने खालून विचारले, आपल्या बाजूपुरते बदलता येईल का. मेस्त म्हणाला, "आडें अर्दें बदलूंक मेळना, बाब."

त्यानंतर चार दिवस काम बंद. उतरलेली मंगळुरी कौले अंगणात रचून ठेवलेली, छपरावर ताडपत्री. शनिवारी मला सुट्टी असते, म्हणून मदतीला गेलो. काम म्हणजे काथ्याच्या ब्रशाने कौलांवरचे शेवाळ खरवडायचे, फुटके बाजूला काढायचे. फार कंटाळवाणे काम, पण हात त्यात गुंतले की माणूस बोलतो हे मी कचेरीतही पाहिले आहे, फायली शिवताना. तियू खाली मान घालून बोलत होता. देवापुढे भेट घेऊन आलास आणि भाऊ तुझ्यावर रागावलेला आहे हे आठवले, तर भेट तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, असे येशूने सांगितले आहे म्हणाला. "हांवें भेट थंयच दवरली, बाब. पूण वचूंक ना." मी ठेवली, पण गेलो मात्र नाही.

मी काय बोलणार! बी.ए.ला मराठी घेतले तेव्हा फादर स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' वाचले होते, राशोलला १६१६ साली छापलेले. ओवीचा छंद, मराठीत मिसळलेले कोंकणी शब्द, असे प्रश्नोत्तरांपुरते. त्या ओव्या म्हणणाऱ्या माणसांच्या जिवाला काय लागले असेल हा प्रश्न परीक्षेत नव्हता. असो.

सोमवारी संध्याकाळी आमोरीची घांट वाजली तेव्हा मी कचेरीतून परतत होतो. तियू आढ्याचा एक पोखरलेला तुकडा हातात घेऊन भावाच्या दारात उभा. माफी वगैरे काही नाही, नुसता तो तुकडा पुढे केला. भावाने तो घेतला, नखाने खरवडला, भुसा खाली पडला. मग दोघेही आत गेले. पुढचे मला दिसले नाही, आणि विचारायला मी गेलो नाही.

नवे आढे फणसाचे आणले. खर्च निम्मा निम्मा. भाऊ बोटीवर राहिलेला माणूस, त्यामुळे दोर बांधून आढे वर चढवायला मेस्तापेक्षा तोच हुशार निघाला. वासे बदलले, रिपा ठोकल्या. कामगारांबरोबर दोघेही भाऊ शिडीवर. वय झालेल्या तियूला वर चढू देऊ नका असे मी सांगत होतो, कोण ऐकतो?

त्या वर्षी झावळ्यांचा रविवार आणि आमची होळी एकाच दिवशी, २४ मार्चला आली. सकाळी तियू झावळ्यांचा खुरीस घेऊन घरी आला. मागोमाग भाऊ, त्याची बायको, मुले. अकरा वर्षांनी ती मंडळी आल्तारीसमोर उभी राहिली. मुलांनी तर ती पहिल्यांदाच पाहिली. त्याच आठवड्यात तियूने कुमसार केला, असे त्याने मला कुंपणावरून सांगितले. पास्क ३१ मार्चला, म्हणजे आमचे मार्च एंडिंग. रविवार असून मी बिलांच्या ढिगात होतो. रात्री घरी आलो तर ताटलीभर दोदोल येऊन पडलेला. बायको म्हणाली, तियूने आज कुमगार घेतला म्हणे, दोघांनी एकत्र.

भिंत अजून आहे. ती पाडायचे कुणी बोलत नाही. माझाही थोरला भाऊ पर्वरीला राहतो, पण त्याविषयी इथे लिहीत नाही.

जूनमध्ये पाऊस लागला आणि छप्पर एका जागी गळले. ते कौल भावाने बसवले असे तियू म्हणतो, तियूने बसवले असे भाऊ म्हणतो. बाल्कांवात बसून मोठमोठ्याने भांडतात. शिडी मात्र अजून माझ्याकडेच मागायला येतात.