सात-शून्य

एक-शून्यने हरलेला संघ काही शिकत नाही, असं माझं जुनं मत आहे. रेफरीने पेनल्टी दिली नाही, पाऊस आला, चेंडू खांबाला लागून परत फिरला... कारणं तयारच असतात. चौतीस मार्कांवर अडकलेला मुलगा "एका मार्काने गेलो हो, बाई" म्हणायचा ना, तसंच ते. तोच बारा मार्क घेऊन घरी गेला की आधी शांतता पसरते आणि मग कुणीतरी विचारतं, "नेमकं काय चाललंय तुझं?"

आमच्या पिढीतल्या पुण्याच्या बाईला फुटबॉलचं काय पडलंय, असं तुम्ही म्हणाल. नातवामुळे पडलंय. तो शेजारी बसून पाहतो, मग मीही पाहते आणि पाहता पाहता मला त्यातली माणसं कळायला लागली.

तर सात-शून्यची गोष्ट. १७ नोव्हेंबर २०१५, मडगावचं फातोर्डा मैदान. इंडियन सुपर लीगचं दुसरं वर्ष. एफसी गोवा सात, मुंबई सिटी शून्य. गोव्याकडून डुडूने तीन गोल केले आणि हाओकिपनेही तीन. एकाच सामन्यात एकाच संघातल्या दोघांची हॅटट्रिक! गोव्याचा प्रशिक्षक होता ब्राझीलचा झिको. मुंबईचा प्रशिक्षक निकोला आनेल्का, आणि तोच संघातला खेळाडूही. म्हणजे वर्गशिक्षक आणि मॉनिटर एकच माणूस. अशा वर्गात काय होतं ते मला कुणी सांगायला नको.

पुढच्या वर्षी मुंबईने अलेक्झांद्र गिमारेस यांना आणलं. कोस्टा रिकाच्या संघाला २००२ आणि २००६ अशा दोन विश्वचषकांत घेऊन गेलेले हे गृहस्थ. सोबतीला उरुग्वेचा डिएगो फोर्लान. पहिल्या दोन हंगामांत जो संघ एकदाही उपांत्य फेरीत पोचला नव्हता, तो २०१६ मध्ये चौदा सामन्यांत २३ गुण मिळवून साखळीत पहिला आला. उपांत्य फेरीत कोलकात्याकडून हरला, ते सोडा. वर्षभरापूर्वी सात गोल खाल्लेल्यांनी पहिला नंबर काढला होता.

इथवर गोष्ट सोपी आहे. मार खाल्ला, मास्तर बदलला, पोरं पास झाली. पण पुढे ती तशी सोपी राहत नाही, आणि मला खरं तर पुढचंच सांगायचं आहे.

ऑक्टोबर २०१८. पुन्हा फातोर्डा, पुन्हा गोवा. या वेळी पाच-शून्य. प्रशिक्षक होता पोर्तुगालचा जॉर्ज कॉस्ता. पोर्तोने २००४ मध्ये युरोपातली चॅम्पियन्स लीग जिंकली तेव्हाचा कप्तान. (२०२५ च्या ऑगस्टमध्ये गेला बिचारा, फार वय नव्हतं.) त्याला काढतील असं वाटलं होतं. मुंबईने काढलं नाही. तेच खेळाडू आणि तोच प्रशिक्षक घेऊन हा संघ पुढचे कित्येक सामने हरला नाही. डिसेंबरात तर त्यांनी केरळला सहा-एक असं धुतलं. त्यात मोदू सुगू या एकट्याचे चार गोल. गंमत बघा, त्या सहा-एकनंतर दोनच दिवसांत केरळने आपल्या डेव्हिड जेम्सला निरोप दिला. म्हणजे त्याच हंगामात दोन संघांनी मोठा मार खाल्ला, एकाने माणूस ठेवला, एकाने घालवला. ठेवणारा उपांत्य फेरीत गेला.

आणि त्या उपांत्य फेरीत, मार्च २०१९ मध्ये, समोर पुन्हा गोवाच! तेही मुंबईच्या घरच्या मैदानावर. पहिला गोल मुंबईचा झाला, मग पाच गोव्याचे. परतीचा सामना मुंबईने एक-शून्य जिंकला, पण त्याचा काय उपयोग? घर जळाल्यावर विहीर खणण्यासारखं ते.

यानंतर नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीवाल्या सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबईचा ६५ टक्के हिस्सा घेतला. पाच-एकमुळे ते आले असं म्हणणं भाबडेपणाचं होईल, एवढे मोठे व्यवहार एका संध्याकाळच्या निकालावर होत नसतात. पण पैसा आल्यावर त्याचं काय केलं, ते मला महत्त्वाचं वाटतं. ज्यांनी आपल्याला पाच-पाच गोलांनी बडवलं त्यांच्याकडेच ते गेले. गोव्याचा सर्जिओ लोबेरा, ज्याला गोव्याने जानेवारी २०२० च्या शेवटी काढून टाकलं होतं, तो मुंबईचा प्रशिक्षक झाला. त्याच्याबरोबर गोव्याचे मुर्तदा फॉल, अहमद जाहू, ह्यूगो बूमूस आणि मंदार राव देसाई आले. यातला फॉल त्या पाच-एकमध्ये गोल करणाऱ्यांत होता! आमच्या वेळी बोर्डाचा निकाल लागला की काही संस्था शेजारच्या शाळेतले चांगले शिक्षक पळवायच्या, त्याची आठवण झाली. तेव्हा मला राग यायचा. इथे मात्र हसू आलं. कारण त्यात एक कबुली होती, की आम्हाला हरवलं ते नशिबाने नव्हे, या या माणसांनी आणि या पद्धतीने.

करोनामुळे २०२०-२१ चा अख्खा हंगाम गोव्यातच, रिकाम्या मैदानांवर झाला. मुंबई पहिलाच सामना नॉर्थईस्टकडून हरली, जाहूला लाल कार्ड. नातू म्हणाला, "आजी, झालं यांचं." पण साखळीची ढाल मुंबईने जिंकली. उपांत्य फेरीत गोव्याला पेनल्टींवर सहा-पाच असं काढलं आणि १३ मार्च २०२१ ला मोहन बागानला दोन-एक हरवून चषकही घेतला. शेवटच्या मिनिटाला बिपिन सिंगचा गोल. मैदान? फातोर्डाच. सात आणि पाच गोल खाल्ले तेच. पुढे २०२५ च्या अखेरीस सिटी ग्रुपने मुंबईतून अंग काढून घेतलं. पैसा असाच असतो.

आपल्याकडचा याहून मोठा मार म्हणजे १९५२ चं हेलसिंकी ऑलिंपिक. युगोस्लाव्हियाने भारताला दहा-एक हरवलं. आपले बरेचसे खेळाडू त्या थंडीत अनवाणी होते. त्याआधी १९४८ ला लंडनमध्ये फ्रान्सशी दोन-एक असे जेमतेम हरलो तेव्हा अनवाणी खेळाचं केवढं कौतुक झालं होतं! १९५१ ला दिल्लीत आशियाई सुवर्णपदकही मिळालं. मग बूट घाला असं कोण कुणाला सांगणार? दहा गोल झाल्यावर फेडरेशनने बूट सक्तीचे केले आणि १९५६ ला मेलबर्नमध्ये आपण चौथे आलो. तिथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा आपल्या मुंबईचा. बुटांबरोबर प्रशिक्षक रहीमसाहेबांचा वाटा त्यात मोठा होता, हे सांगायला हवं.

आणि पुणं? पुण्याचाही पाच-शून्य आहे. १८ ऑक्टोबर २०१४, नवी मुंबईत, याच मुंबई सिटीकडून. आंद्रे मोरित्झने त्या लीगमधली पहिली हॅटट्रिक आपल्यावर केली. बदल आम्हीही केले, नाही असं नाही. दरवर्षी नवा प्रशिक्षक, इटलीचा, इंग्लंडचा, स्पेनचा. २०१७-१८ मध्ये पोपोविचच्या हाताखाली उपांत्य फेरी गाठली, तो आमचा सोन्याचा काळ. तिथे सुनील छेत्रीने तीन गोल करून घरी पाठवलं. २०१९ मध्ये क्लबच बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. हैदराबादनेही पहिल्याच सामन्यात कोलकात्यात पाच गोल खाल्ले, तळाला गेले, मानोलो मार्केझ आला, आणि २०२२ मध्ये ते विजेते. पुढे २०२५ मध्ये तोही क्लब दिल्लीला हलला. बालेवाडीचं मैदान तिथेच आहे. संघ नाही.

हे सगळं आज लिहायला बसले त्याला कारण नातवाचा संघ. आमच्या भागातला छोटासा क्लब, नाव नको. तेरा वर्षांखालची मुलं. पावसाळ्यानंतरच्या स्पर्धेत नऊ-शून्य हरली. त्या रात्री पालकांच्या वॉट्सअ‍ॅप गटावर जे काही चाललं होतं ते वाचवेना. रविवारी मैदानाच्या कडेला सभा झाली. प्रशिक्षक पंचविशीतला मुलगा, चेंडूंची जाळी स्वतःच्या स्कूटरवर घेऊन येणारा, एका बाजूला उभा होता. मी म्हटलं, समोरची मुलं आठवड्यात किती दिवस सराव करतात ते आधी विचारा. कुणीतरी विचारून आलं. पाच दिवस. आपली दोन. आणि आपल्या अकरापैकी नऊ जणांच्या घरच्यांना मुलगा पुढेच खेळायला हवा, मागे कुणीच नको. मग नऊ गोल होणार नाहीत तर काय?

माझं ऐकून घेतलं. आजी आहेत, वयाचा मान. आणि मग त्या मुलाला काढलं. त्याने जाताना सगळ्या पोरांना पाणीपुरी खाऊ घातली, हे मला नातवाकडून कळलं.

नवे प्रशिक्षक आले. पहिला सामना सहा-शून्य. त्यांनी दोन अटी घातल्या, सराव चार दिवस आणि पालकांनी दोरीच्या बाहेर. हेच आधीच्या पोराने मागितलं होतं, पण ते वयाने पन्नाशीचे असल्यामुळे मान्य झालं. तीन मुलं सोडून गेली. नातवाने आपण होऊन डावीकडचा बचाव मागून घेतला. तो मंदारचा भक्त, आणि मंदारही आधी पुढे खेळायचा, मग मागे आला, हे त्यानेच मला समजावलं.

चार दिवस ठरले होते, प्रत्यक्षात तीनच होतात. गुरुवारी गणिताचा क्लास असतो.