आवडत्या घोड्याच्या खोडी

अश्वशक्ती हा शब्द पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातला खरा. पण पुस्तक मिटले तरी तो मनुष्याच्या मनातून जात नाही. शाळेसमोरच्या रस्त्यावरून एखादी बलदंड मोटारसायकल गडगडत गेली की खिडकीकडच्या बाकांवरील साऱ्या माना एकदम बाहेर वळतात. तीस वर्षे फळ्यापाशी उभे राहून आम्ही हे पाहत आलो आहो. त्या क्षणी आमच्या हातचा खडूही थांबतो, हे मुलांच्या लक्षात येत नाही एवढेच!

अशा बलदंड वाहनांत एका जपानी मोटारसायकलीचे नाव जाणकार विशेष आदराने घेतात. १९८५ साली यामाहा कंपनीने अमेरिकन गिऱ्हाइकांसाठी ‘व्ही-मॅक्स’ ही गाडी बाजारात आणली. पाव मैलाच्या सरळ पट्ट्यावर वाहने पळविण्याचा शौक अमेरिकेत जुना आहे. वळण नाही, चढ नाही. दिवा हिरवा झाला की सुटायचे आणि ४०२ मीटर संपताच घड्याळाकडे पाहायचे. त्या शर्यतीचे वेड या गाडीच्या अंगात उतरविले होते. इंजिन कंपनीच्याच ‘व्हेंचर’ या लांब पल्ल्याच्या गाडीचे. त्यास जणू तालमीत घालून पहिलवान केले. चार नळकांडी, १,१९८ घन सेंटिमीटर आकारमान आणि १४५ अश्वशक्ती! आपल्याकडे रुबाबाची परिसीमा मानली जाणारी ३५० सी.सी.ची बुलेट सुमारे २० अश्वशक्तीची. म्हणजे सात बुलेटांचे बळ एका चौकटीत कोंडलेले. त्यातही एक युक्ती होती. इंजिनाचे फेरे मिनिटाला ६,०००च्या वर गेले की शेजारशेजारच्या नळकांड्यांना जोडणाऱ्या झडपा उघडू लागत, आणि ८,०००च्या सुमारास प्रत्येक नळकांड्यास एकाऐवजी दोन कार्ब्युरेटरांचा पुरवठा मिळे. आधीच धावणाऱ्या घोड्यास कोणी टाच मारावी तसे ते होते.

या गाडीशी आमचा संबंध आला तो एका बापाच्या काळजीमुळे. आमचा एक माजी विद्यार्थी कॅलिफोर्नियात नोकरीस आहे. त्याने १९९६ सालची एक व्ही-मॅक्स जुन्या बाजारात विकत घेतली. गेल्या वर्षी आम्ही मुलीकडे अमेरिकेस जाण्यास निघालो, तेव्हा त्याचे वडील मुद्दाम घरी आले. “सर, तुमचं तो ऐकेल. तेवढी ती गाडी विकून टाकायला सांगा,” असे म्हणून ते बराच वेळ खाली पाहत राहिले. त्यांचा धाकटा भाऊ खानापूर रस्त्यावर मोटारसायकलीच्या अपघातात गेला होता, हे आम्हांस ठाऊक होते. आम्ही निरोप पोहोचविण्याचे वचन दिले.

तेथे पोहोचल्यावर एका रविवारी सकाळी तो आम्हांस नेण्यास आला. आमचे शिरस्त्राण त्याने स्वतः बांधले, पट्टा दोनदा ओढून पाहिला आणि म्हणाला, “सर, घट्ट धरून बसा.” पुढे सरळ, मोकळा रस्ता होता. त्याने मूठ किंचित पिळली मात्र, आमचे शरीर पुढे गेले आणि पोट जणू मागेच राहिले. चार-पाच श्वासांत त्या रस्त्याची वेगमर्यादा आली व त्याने हात आवरता घेतला. भय आणि आनंद ही दोन निराळी घरे आहेत असे आम्ही समजत होतो. त्यांची भिंत एकच आहे, हे तेव्हा कळले.

एका झाडाखाली गाडी उभी करून आम्ही म्हटले, “गुण पाहिले. आता हिच्या खोडी सांग.” वाटले होते, तो टाळाटाळ करील. त्याने तर यादीच वाचली. “सर, ही सरळ रस्त्याची राणी; वळणावर वेग असला तर हिची चौकट डुलते. १९९३च्या आधीच्या गाड्यांचा पुढचा काटा याहून बारीक होता आणि ब्रेकही मवाळ. हिचा काटा जाड आहे, पण चौकट तीच. ही पेट्रोलची टाकी दिसते ना, ती टाकी नव्हेच. आत हवेची पेटी आहे. खरी टाकी बैठकीखाली, अवघी १५ लिटरची. दीड-दोनशे किलोमीटर झाले की पंप शोधावा लागतो. बाजूची ही हवेची तोंडे नुसती शोभेची. फेऱ्यांचा काटा खोट्या टाकीवर बसवलाय, तो पाहायचा तर रस्त्यावरची नजर काढावी लागते. आणि वजन अडीचशे किलोंच्या वर. चोर्ल्याच्या घाटात ही नको, सर. तिथं बाबांची जुनी स्कूटरच बरी!”

आम्ही विचार करू लागलो. यांतील पुष्कळशा उणिवा निष्काळजीपणाच्या नव्हत्या. प्रत्येकीच्या पाठीमागे एक गुण उभा होता. सुटताना पुढचे चाक उचलले जाऊ नये म्हणून शरीर लांब केले, म्हणून ते वळणास नाखूश. इंजिनास भरपूर हवा हवी म्हणून पेटीने टाकीची जागा घेतली, म्हणून पेट्रोल बैठकीखाली गेले. २००९ साली नवी व्ही-मॅक्स आली, तेव्हा चौकट ताठ झाली, हवेची तोंडे खरी झाली, इंजिन १,६७९ घन सेंटिमीटरचे व शक्ती २०० अश्वांची झाली; परंतु टाकी १५ लिटरचीच राहिली आणि वजन ३०० किलोंच्या पलीकडे गेले. २०२० साली तिचेही उत्पादन थांबले. बळ कोणी फुकट देत नाही. एका खिशात पडते ते दुसऱ्या खिशातून गेलेले असते.

वडिलांचा निरोप आम्ही जसाच्या तसा सांगितला. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “सर, वेग दुप्पट झाला तर ऊर्जा चौपट होते, हे तुम्हीच शिकवलंत. मी रोज विसरत नाही.” गाडी मात्र विकतो असे तो म्हणाला नाही, आणि आम्हीही ते त्याच्याकडून वदवून घेतले नाही. तीस वर्षांच्या कर्त्या माणसास, समजून उमजून घेतलेली वस्तू टाकून दे, असे सांगण्याचा अधिकार गुरूस कितीसा असतो?

बेळगावास परतल्यावर आम्ही त्याच्या वडिलांस सारे सांगितले. गाडी आहे, पण तिची प्रत्येक खोड त्यास मुखोद्गत आहे, आंधळे प्रेम नाही, असे आम्ही काहीशा समाधानाने म्हणालो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “सर, त्याला तिच्या खोडी ठाऊक आहेत हे बरं झालं. पण तिला त्याच्या खोडी ठाऊक आहेत का?”

जिवंत घोडा स्वाराचा हात ओळखतो. स्वार पेंगला तर कित्येकदा आपणच पावले मंदावतो. यंत्रास स्वाराचा राग, घाई, मित्रांपुढची ऐट किंवा रात्रीची झोप यांपैकी काहीच कळत नाही. हाताने मागितले तेवढे ते मुकाट्याने देते. तेव्हा बालमित्रहो, उद्या तुमच्यापैकी कोणी अशा घोड्यावर बसेल, तर त्याने दोन याद्या कराव्यात. घोड्याच्या खोडींची यादी दुकानदारही देईल. दुसरी यादी ज्याची त्यानेच लिहावयाची असते.