पाकळीचा ल

"लोगोचंच अक्षर खाली सगळीकडे लावा ना!" पनवेलमध्ये टपाल नाक्यापासून नव्या पनवेलपर्यंत जिथे जिथे कामं केली, तिथे हे वाक्य एकदा तरी कानावर पडलंच. सांगणाऱ्याचं काय चुकतं? पैसे मोजून काढून घेतलेलं अक्षर मिरवावंसं वाटणारच. पण लोगोतलं अक्षर एकाच शब्दाच्या मापाने बेतलेलं असतं. काना किती खाली ओढायचा, वेलांटी शिरोरेषेवरून कुठवर न्यायची, हे त्या शब्दाकडे बघूनच ठरतं. तेच वळण 'कोरड्या जागी ठेवा' या ओळीला दिलं की ती ओळ शालू नेसून भांडी घासायला बसते.

नाटकवाल्यांना हे फार आधी कळलं. आपल्या फडके नाट्यगृहाबाहेरचे फलक बघा. नाटकाचं नाव रेखाटलेलं, आणि खाली कलाकार, वार, वेळ साध्या ठसठशीत अक्षरांत. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी रेखाटलेली नाटकांची शीर्षकं डोळ्यांत राहिली, त्यात त्यांच्या हाताइतकाच या खालच्या साधेपणाचाही वाटा आहे, असं मला वाटतं.

मग खाली काय लावायचं? रोमन लिपीची युक्ती इथे चालत नाही. तिथे मथळा कॅपिटलमध्ये आणि टीप इटॅलिकमध्ये टाकली की काम भागतं. देवनागरीत कॅपिटल नाही आणि तिरपं अक्षर उसनं. उरतात जाडी आणि आकार. म्हणून मथळा आणि मजकूर मी शक्यतो एकाच घराण्यातले घेतो. मुंबईच्या 'एक टाइप'चा मुक्ता हा फाँट सात जाड्यांत मिळतो; माझी निम्मी कामं त्याच्यावर निघतात. त्यांचाच मोदक इतका गुटगुटीत, की अक्षरांतल्या पोकळ्यांच्या नुसत्या चिरा उरतात. मथळ्याला झकास, मजकुराला अशक्य. यात्रा वन या फाँटवर माझा जीव आहे. कॅथरीन ली श्मिट यांनी तो हाताने रंगवलेल्या लोकलच्या पाट्यांवरून केला, आणि मी पडलो हार्बर लाइनच्या शेवटच्या स्टेशनचा! तरी ब्रशने काढलेल्या लोगोखाली तो मी लावत नाही. एका भिंतीवर दोन रंगारी नकोत.

एवढं कळूनही मी फसलोच. एका घरगुती मसाल्याच्या डब्याचं काम होतं. लोगो हाताने काढला, त्यातला ल दोन पाकळ्यांचा, मराठी. खालचा मजकूर घाईत फाँट लावून सोडला. छापून आल्यावर मालकीणबाईंच्या सासऱ्यांनी, निवृत्त मास्तरांनी, चष्मा वर करून विचारलं, "यात मसाला दोन भाषांतला भरलाय का?" वर पाकळीचा ल, खाली 'लसूण', 'तेल', 'वेलची' मात्र दांडीच्या हिंदी ल मध्ये. मी मुकाट्याने पुन्हा छापून दिलं.

चूक फाँटची नव्हती. पुष्कळ फाँटांत दोन्ही ल असतात. मजकुराची भाषा 'मराठी' अशी नेमली नाही तर सॉफ्टवेअर हिंदीचा उचलतं. टिरो देवनागरीने तर हिंदी, मराठी आणि संस्कृत असे तीन वेगळे संचच केलेत. शासनाच्या २०२२ च्या निर्णयातही मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श आहे. जुन्या डीटीपीवाल्यांना हे सांगायला गेलं तर ते हसतात; श्रीलिपी या सॉफ्टवेअरवर त्यांचा हात बसलेला, तिथे हवा तो ल थेट निवडता येतो.

तेव्हापासून नवा फाँट उघडला की मी आधी 'पनवेल' टाइप करतो आणि लोगोशेजारी मोठा करून ठेवतो. प चं पोट किती मोकळं, शिरोरेषा उभ्या दांडीपेक्षा किती बारीक, मात्रेचं टोक बोरूसारखं तिरकं छाटलेलं की गोल, ते दिसतं. मग शेवटच्या अक्षराकडे बघतो.