नाव घेण्यापूर्वी

उटनूरहून आम्ही दक्षिणेस उतरलो. सागवानी रान सरल्यावर कड्डमचा जलाशय दिसला. १९५८ साली पुराने हेच धरण फुटले होते. आज पाणी निवांत होते. काठावर एक कुटुंब विचारात पडले होते: नाव लाकडी घ्यावी, की फायबरची?

लाकडी नावेचे सांधे वेळोवेळी बुजवून डांबर लावावे लागते. फायबरची नाव कुजत नाही. परंतु खडकावर आपटून तडा गेला, तर तो सांधणारा कारागीर जवळ हवा.

आम्ही म्हणालो, "दादा, किमतीत डागडुजीही धरा. मात्र घरात जितकी माणसे, तितकी तरंगती जाकिटे आधी घ्या. उरल्या पैशांत नाव पाहा."

दादा गप्प राहिले. बाईंनी मात्र बोटांवर माणसे मोजली: पाच, आणि कडेवरचे सहावे.