आजोबांची पेटी

८ ऑगस्ट २०२४. रात्री कोल्हापूरहून बाबांचा फोन. "केशवराव भोसले नाट्यगृह पेटलंय रे..." एवढंच बोलले आणि गप्प झाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी उभारलेलं, १९१५ सालचं पॅलेस थिएटर! आम्हा कोल्हापूरकरांचं पहिलं नाटक बहुधा तिथलंच.

मला मात्र त्या रात्री माळ्यावरची आजोबांची पेटी आठवत राहिली. महिन्यापूर्वीच मी बाबांना म्हटलं होतं, "विकून टाका आता. वाजवतंय कोण?"

आजोबांचं दैवत एकच, गोविंदराव टेंबे. लहानपणी एकदा त्यांना ऐकलं होतं, त्यावर आजोबांचं आयुष्य निघालं. टेंबे १८८१ साली जन्मलेले, आमच्याच कोल्हापूरचे. रीतसर शिक्षण कमी, कान मात्र तयार. देवल क्लबच्या बैठकींत घडले, भास्करबुवा बखल्यांकडून पेटी शिकले आणि अल्लादियाखाँसाहेबांची तालीम न मिळताही स्वतःला त्यांचे शिष्य मानत राहिले. १९११ च्या 'मानापमान'ला चाली त्यांच्याच. ठुमरी-कजरीचा पूरबी रंग त्यांनी मराठी नाटकात असा काही आणला, की नाट्यसंगीताचं वळणच बदललं. १९१३ साली बालगंधर्व आणि गणपतराव बोडसांबरोबर त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली.

पण आजोबा खुलायचे ते पुढच्या गोष्टीवर. बोलपट आला तेव्हा टेंबे पन्नाशीचे. त्या वयात माणूस 'आमच्या वेळी' सुरू करतो. हे गृहस्थ आमच्या कोल्हापुरातल्या 'प्रभात'मध्ये गेले आणि 'अयोध्येचा राजा'ला (१९३२) संगीत दिलं. वर स्वतःच हरिश्चंद्र झाले, तारामती दुर्गा खोटे! पार्श्वगायन अजून आलेलं नव्हतं. कॅमेऱ्यासमोर उभं राहून स्वतःच गायचं, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. मैफल, रंगभूमी, सिनेमा, आणि शिवाय लेखणी. इटलीचा एन्नियो मॉरिकोने मैफलीचं आणि सिनेमाचं असं दोन्ही संगीत लिहायचा याचं जगाला कौतुक. असायलाच हवं. पण आपल्या गल्लीतला माणूस आपल्याला माहीत नसतो.

मी दहावीत पेटी सोडली. अभ्यासाचं कारण सांगितलं. खरं तर मित्रांसमोर लाज वाटायची. आजोबा काही बोलले नाहीत. भाता मिटला, वर जुनं धोतर पांघरलं आणि पेटी कोपऱ्यात सरकवली. त्यानंतर तेही माझ्यासमोर कधी वाजवायला बसले नाहीत. ते गेले, पेटी माळ्यावर गेली. त्या दिवसाबद्दल मी त्यांच्याशी कधी बोललोच नाही.

आगीनंतरच्या शनिवारी कोल्हापूरला गेलो. जळलेल्या नाट्यगृहासमोर लोक नुसते उभे होते. कुणी मयताला आल्यासारखं हळू आवाजात बोलत होतं. घरी येऊन मी पेटी खाली काढली. दोन सूर मुके झाले होते, भात्यातून हवा जात होती.

"घेऊन जाणार विकायला?" बाबांनी विचारलं.

"दुरुस्तीला," मी म्हटलं.

आता रोज रात्री अर्धा तास बसतो. बोटं ऐकत नाहीत. पण टेंबे पन्नाशीत सिनेमाला गेले, माझी तर अजून चाळिशीच चालू आहे. असो.

ते धोतर मात्र मी तसंच ठेवलंय. वाजवून झालं की पुन्हा पेटीवर पांघरतो.