बोट लागली

मराठीत ‘बोट लागली’ या दोन शब्दांचे दोन अर्थ होतात. बोट धक्क्याला येऊन उभी राहिली, हा एक. आणि पोटात ढवळून डोकं गरगरू लागलं, हा दुसरा. १९६१ च्या फेब्रुवारीत मी मुंबईहून विलायतेला निघाले, तेव्हा दुसरा अर्थ मला तासाभरातच कळला. पहिला कळायला अठरा दिवस लागले.

लग्नाला वीस दिवस होताहेत तोच हे शिकायला इंग्लंडला गेले होते. दीड वर्षानं मला बोलावणं आलं. बॅलार्ड पिअरवर आमची गिरगावातली निम्मी चाळ पोचवायला लोटली. सासूबाईंनी ओटीत नारळ घातला, आईनं लाडवांचा डबा हाती दिला आणि अण्णांनी मनगटावर नवं घड्याळ बांधलं. ‘भाग्याची पोर!’ असं जो तो म्हणत होता. मला मात्र निराळीच धास्ती पडली होती. वीस दिवसांच्या ओळखीचा माणूस दीड वर्षानं माझ्या ओळखीचा राहिला असेल का? आणि मी त्याच्या? पण हे विचारायचं कुणाला? माहेरी बोलायची सोय नव्हती, सासरी तर नव्हतीच.

बोटीच्या अगदी पोटात आमची चौघींची केबिन. खिडकी नाही, वारा नाही. दोन दिवस मी बिछान्यातून उठले नाही. आमच्या केबिनींवरचा स्टुअर्ड गोव्याचा होता. तिसऱ्या सकाळी तो म्हणाला, “बाय, उपाशी पडून राहू नको. सुकी बिस्किटं खा आणि वर डेकवर जाऊन बस. पाणी आभाळाला टेकतं ना, तिथं नजर लाव.” दुपारी त्यानं खलाशांसाठी शिजलेला डाळभात आणून दिला. उकडलेल्या बटाट्यांना विटलेल्या माझ्यासारखीला ते पंचपक्वान्न होतं!

मग मी डेकवरची झाले. बोटीवरचा दिवस म्हणजे एका जेवणाकडून दुसऱ्या जेवणाकडे केलेला प्रवास. पहाटेचा चहा, न्याहारी, अकराचं सूप, जेवण, पुन्हा चहा, पुन्हा जेवण. मधल्या वेळात दोरीची कडी फेकण्याचा खेळ, नाही तर हाउझी. दुपारी बारा वाजता, काल दुपारपासून बोट किती मैल चालली, त्याचा आकडा फळ्यावर लागे. त्यावरही पैजा! आणि एक-दोन रात्री गेल्या की सूचना लागायची : ‘आज घड्याळे अर्धा तास मागे घ्यावीत.’ सगळे घेत. मी घेत नसे. अण्णांचं घड्याळ मुंबईचीच वेळ दाखवी, आणि मी ते पाहून म्हणे, आता आई दूध तापवत असेल. त्यापायी न्याहारीला कितीतरी वेळ आधी जाऊन बंद दारासमोर उभी राहिले, ते वेगळंच.

पाचव्या दिवशी एडन आलं. झाड नाही, गवत नाही; नुसते काळे, जळके डोंगर. जकात नसलेलं बंदर म्हणून मंडळी लाँचमधून उतरून कॅमेरे आणि ट्रान्झिस्टर घ्यायला धावली. मी पाहत राहिले ते डोंगर. वासुदेव बळवंत फडके १८८३ साली याच एडनच्या कैदेत गेले. एकदा कोठडीचं दार बिजागऱ्यांतून उचकटून पळालेही होते. पण या उघड्या वाळवंटात लपणार कुठं? परतीचं तिकीट नसलेला प्रवास म्हणजे काय, ते त्या डोंगरांकडे पाहून समजलं. माझ्या धास्तीची मला थोडी लाज वाटली. पण ती गेली मात्र नाही.

तांबडा समुद्र ओलांडून बोट सुएझच्या कालव्यात शिरली. शंभर मैलांचा कालवा, आणि बोटी मुंग्यांसारख्या एकामागून एक हळूहळू सरकताहेत! दोहों बाजूंना वाळू. काठावरचा उंटवाला आमच्याहून घाईत वाटला. पोर्ट सैदला कालवा खोदवणाऱ्या लेसेप्सचा चौथरा रिकामा दिसला. १९५६ च्या लढाईनंतर लोकांनी पुतळा पाडला होता. खाली होड्यांतून फेरीवाले दोरीला टोपली बांधून चामड्याच्या पिशव्या वर चढवत होते. एक जादूगार डेकवर येऊन पोरांच्या कानांतून कोंबडीची पिल्लं काढत होता.

इतक्यात टपाल आलं. विमानाची पत्रं बोटीच्या आधी बंदरात पोचून वाट पाहत असत. यांचं पत्र होतं. चार ओळी हवापाण्याच्या, आणि शेवटी : ‘मी हल्ली चष्मा लावतो. केसही पुढून विरळ झाले आहेत. धक्क्यावर ओळखशील ना?’

म्हणजे तिकडेही तीच धास्ती होती! मी कठड्याला टेकून हसले, आणि मग डोळे पुसले. त्या रात्री अण्णांचं घड्याळ एकदम साडेतीन तास मागं घेतलं.

पुढं मार्सेय. १९१० साली सावरकरांनी जिथं बोटीतून उडी घेतली, त्या पाण्याकडे मी बोचऱ्या वाऱ्यात हात जोडून उभी राहिले. मग बिस्केच्या उपसागरानं पुन्हा एकदा आडवं केलं, आणि अठराव्या दिवशी टिलबरीचा धुकट धक्का दिसला.

१९६७ ते १९७५ कालवा बंद राहिला. तोवर माणसं विमानानं जाऊ लागली होती. माझी नात परवा रात्री मुंबईहून निघाली, ती सकाळी लंडनला. मला ते वाईट वाटत नाही; आईला अठरा दिवस खुशालीची वाट पाहावी लागली नाही, हे बरंच झालं. पण मला ते अर्धे अर्धे तास हवे होते. शरीर विलायतेला पोचलं, तेव्हा मनही सोबत होतं.

धक्क्यावर चष्मा लावलेला एक माणूस टाचा उंचावून भलत्याच बाईकडे पाहून हात हलवत होता. मी जवळ गेले, तेव्हा ओशाळून म्हणाले, “बोट लागली का गं?”

म्हटलं, “आत्ताच लागली.”